हप्त्यांवरचे स्वातंत्र्य : जॉन जे आणि गुलामगिरीचा हिशोब

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे परिवर्तनवादी चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी दाखवलेल्या निःस्वार्थ आणि आत्मत्यागी वृत्तीचे कौतुक म्हणून ही अर्पणपत्रिका लिहिली गेली. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा आणि शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून मोकळे करावे, ही जोतीरावांची त्यामागची तळमळ होती.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात ही अर्पणपत्रिका वाचली गेली, तेव्हा बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने सरळ प्रश्न केला, "हे अमेरिकेतले चांगले लोक नेमके कोण? त्यांची नावे काय?" अब्राहम लिंकन हे एक नाव सगळ्यांनी घेतले आणि वर्गात शांतता पसरली. लिंकनच्या आधी जवळजवळ ऐंशी वर्षे त्या देशात गुलामगिरीविरोधी संस्था होत्या, कायदे होत होते, खटले लढवले जात होते. ते लोक कोण होते आणि ते खरोखर निःस्वार्थ होते काय, हे आम्हालाही नीट सांगता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्यासमोर जे पहिले मोठे नाव आले, ते जॉन जे यांचे.

जॉन जे हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश. इंग्लंडशी झालेल्या स्वातंत्र्याच्या तहाचे एक शिल्पकार, न्यूयॉर्कचे गव्हर्नर, न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती संस्थेचे पहिले अध्यक्ष, आणि त्याच वेळी स्वतः गुलामांचे मालक! एकाच माणसात हे सगळे कसे मावले? या लेखात आम्ही त्यांची पूजाही बांधणार नाही आणि त्यांना पिंजऱ्यातही उभे करणार नाही. आम्हाला फक्त हिशोब तपासायचा आहे.

छळातून पळालेल्यांचा वंश

जॉन जे यांचा जन्म १२ डिसेंबर १७४५ रोजी न्यूयॉर्क शहरात एका श्रीमंत व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा ऑगस्टस जे हे फ्रान्समधील ह्यूगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा हे कुटुंब देशोधडीला लागले. आपल्या श्रद्धेपायी घरदार सोडावे लागणे म्हणजे काय, हे या घराण्याच्या आठवणीत होते.

तरीही जॉन जे यांच्या वडिलांच्या घरात गुलाम होते. पुढे न्यूयॉर्क राज्याची घटना लिहिताना याच जॉन जे यांनी कॅथलिक पंथीयांच्या नागरिकत्वावर बंधने घालण्याचा आग्रह धरला. म्हणजे आजोबांवर जो अन्याय एका पंथाने केला, त्याची परतफेड नातू त्या पंथाच्या गरिबांकडून वसूल करू पाहत होता. स्वतः छळ सोसलेल्या समाजाला समता आपोआप कळते, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपल्याकडेही उतरंडीच्या मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याची लाथ खातो आणि खालच्याला लाथ मारतो. वेदनेचे रूपांतर विचारात करावे लागते, ते आपोआप होत नाही.

जॉन जे १७६४ मध्ये न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजातून पदवीधर झाले. स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८४ मध्ये, याच कॉलेजचे नाव कोलंबिया कॉलेज झाले. आज ते कोलंबिया विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. हे नाव आमच्या वाचकांना परके नाही. त्याकडे आपण शेवटी येऊ.

१७६८ मध्ये ते वकील झाले. १७७४ मध्ये त्यांचा विवाह सारा लिव्हिंग्स्टन यांच्याशी झाला आणि त्याच वर्षी पहिल्या कॉन्टिनेन्टल काँग्रेसमध्ये ते प्रतिनिधी म्हणून गेले. ते मवाळ होते. इंग्लंडशी समेट व्हावा असे त्यांना शेवटपर्यंत वाटत होते. समेटाची आशा संपल्यावर मात्र ते ठामपणे स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले. १७७७ च्या न्यूयॉर्क राज्यघटनेचा मसुदा मुख्यतः त्यांनीच केला आणि त्या राज्याचे पहिले मुख्य न्यायाधीशही तेच झाले. १७७८ च्या डिसेंबरात ते कॉन्टिनेन्टल काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी नव्या राष्ट्राचे वकील म्हणून स्पेनला रवाना झाले.

स्पेनहून १७८० मध्ये त्यांनी आपला मित्र एग्बर्ट बेन्सन याला एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, मी विधिमंडळात असतो तर गुलाममुक्तीचे विधेयक तयार केले असते आणि ते मंजूर होईपर्यंत किंवा माझे सदस्यत्व संपेपर्यंत ते मांडत राहिलो असतो. अमेरिका हे करत नाही, तोवर स्वातंत्र्यासाठी तिने देवाकडे केलेल्या प्रार्थना अधर्माच्या ठरतील. ही भाषा स्वच्छ आहे. आता हे पत्र लिहिणाऱ्याच्या घरात डोकावू.

अ‍ॅबिगेल आणि बेनवा

अमेरिकेहून निघालेले त्यांचे जहाज वादळात सापडले आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटाला लागले. तिथे, १७७९ च्या डिसेंबरात, जॉन जे यांनी बेनवा नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा विकत घेतला. तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. म्हणजे ते उदात्त पत्र लिहिले गेले, तेव्हा हा मुलगा त्यांच्या घरात राबत होता.

त्याच घरात अ‍ॅबिगेल नावाची एक गुलाम स्त्री होती. जॉन जे यांच्या पत्नीची सेवा करण्यासाठी तिला अमेरिकेहून आणले होते. पुढे हे कुटुंब पॅरिसला गेले. बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अ‍ॅडम्स यांच्यासह जॉन जे यांनी इंग्लंडशी वाटाघाटी केल्या आणि ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसच्या तहावर सह्या झाल्या. अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाले.

त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत अ‍ॅबिगेल घर सोडून निघून गेली. जॉन जे तेव्हा प्रकृतीसाठी इंग्लंडला गेले होते. ती एका धोबिणीकडे सापडली. पॅरिसच्या पोलिसांनी तिला पकडले आणि तुरुंगात टाकले. या कामात फ्रँकलिन यांच्या नातवाने मदत केली आणि तिला काही दिवस तुरुंगातच राहू द्यावे, म्हणजे ती वळणावर येईल, असा सल्ला खुद्द फ्रँकलिन यांनी दिला. सुरुवातीला ती परत यायला तयार नव्हती. थंडीच्या दिवसांत तुरुंगात ती आजारी पडली, तेव्हा तिने घरी नेण्याची विनंती केली. तिला आणले गेले. थोड्याच दिवसांत ती मरण पावली.

इंग्लंडहून जॉन जे यांनी लिहिले की, ती का पळाली हेच आपल्याला समजत नाही. अमेरिकेला परतल्यावर, ती नीट वागली तर, तिला मुक्त करण्याचे वचन आपण दिले होते ना!

आम्हाला या संपूर्ण चरित्रात हे वाक्य सर्वात महत्त्वाचे वाटते. ते क्रूर माणसाचे वाक्य नाही. ते चांगल्या माणसाचे वाक्य आहे. एका राष्ट्राला गुलामीत राहायचे नसते, हे ज्या माणसाला इतके कळत होते की त्यासाठी तो समुद्र ओलांडून राजांच्या दरबारात गेला, त्यालाच आपल्या घरातल्या स्त्रीला गुलामीत राहायचे नव्हते हे कळत नव्हते! इंग्लंडच्या राजाने जर अमेरिकेला सांगितले असते की, नीट वागा, योग्य वेळी स्वातंत्र्य देऊ, तर जॉन जे यांनी ते मान्य केले असते काय?

बेनवाचे पुढे काय झाले? २१ मार्च १७८४ रोजी जॉन जे यांनी त्याच्या मुक्तीचा दस्तऐवज लिहिला. त्याची सुरुवात अशी आहे की, सर्व माणसे निसर्गतः सारखीच स्वतंत्र आहेत आणि अन्याय केल्याशिवाय कोणालाही गुलाम करता किंवा ठेवता येत नाही. त्यापुढची अट अशी : बेनवाने आणखी तीन वर्षे सेवा करावी, म्हणजे त्याच्यावर खर्च केलेल्या पैशांची माफक भरपाई होईल, आणि मग तो मुक्त होईल.

एकाच कागदावर दोन गोष्टी आहेत. गुलामगिरी अन्यायाची आहे, ही पहिली. या अन्यायाची किंमत गुलामानेच चुकवावी, ही दुसरी. चोरीचा माल आहे हे मान्य, पण चोराकडून तो विकत घेताना माझे पैसे गेले, म्हणून ज्याचे घर लुटले त्यानेच ते भरून द्यावेत, असा हा न्याय!

हा एकदाचा प्रसंग नव्हता, ती त्यांची पद्धतच होती. १७९८ मध्ये करआकारणी अधिकाऱ्यांना लिहिताना त्यांनी स्वतःच खुलासा केला की, आपण गुलाम विकत घेतो आणि योग्य वयात, त्यांच्या इमानी सेवेतून वाजवी परतफेड झाली की त्यांना मुक्त करतो. १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांत त्यांच्या घरी पाच-पाच गुलाम नोंदवलेले आहेत.

गुलाम बाळगणाऱ्यांची गुलाममुक्ती संस्था

१७८५ मध्ये न्यूयॉर्क मॅन्युमिशन सोसायटी स्थापन झाली. जॉन जे तिचे पहिले अध्यक्ष झाले. अलेक्झांडर हॅमिल्टन हेही तिचे सदस्य होते. या संस्थेने महत्त्वाचे काम केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मुक्त कृष्णवर्णीयांना पळवून दक्षिणेत विकणाऱ्या टोळ्यांविरुद्ध तिने खटले लढवले. १७८७ मध्ये तिने आफ्रिकन फ्री स्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा काढली.

पण संस्थेचे सदस्य होण्यासाठी स्वतःचे गुलाम मुक्त करण्याची अट नव्हती. सदस्यांनी आपापले गुलाम ठरावीक मुदतीत मुक्त करावेत, असा प्रस्ताव हॅमिल्टन यांच्या समितीने मांडला होता. तो संस्थेने स्वीकारला नाही. गुलामांनाही संस्थेत जागा नव्हती. ज्यांच्या मुक्तीसाठी संस्था होती, त्यांचे त्या मुक्तीविषयी काय म्हणणे आहे, हे विचारण्याची सोयच नव्हती.

समाजशास्त्राच्या भाषेत याला वरून येणारी सुधारणा म्हणतात. अशा सुधारणेत उद्धारकर्ता आपल्या सोयीचा वेग ठरवतो. त्याच्या दयेवर शंका घेण्याचे कारण नसते, पण त्याच्या घड्याळावर शंका घ्यावीच लागते.

कंसातली माणसे

१७८९ मध्ये अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जॉन जे यांना सरन्यायाधीश नेमले. न्यायालय नवे होते, कामकाज थोडे होते. न्यायाधीशांना घोडागाडीतून गावोगावी फिरून खटले ऐकावे लागत. तरी या काळात एक पायाभूत परंपरा पडली. १७९३ मध्ये सरकारने परराष्ट्र धोरणाविषयी न्यायालयाचा सल्ला मागितला, तेव्हा सरन्यायाधीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो द्यायला नकार दिला. न्यायालयाने खटल्यांचा निवाडा करावा, सरकारचा सल्लागार होऊ नये, ही ती भूमिका. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यासाठी हे योगदान मोलाचे आहे.

त्याच वर्षी चिझोम विरुद्ध जॉर्जिया हा खटला आला. युद्धकाळात साउथ कॅरोलायनातील एका व्यापाऱ्याने जॉर्जिया राज्याला माल पुरवला होता, पैसे मिळाले नव्हते. त्याच्या वतीने चिझोम यांनी राज्यावरच दावा ठोकला. राज्य सार्वभौम आहे, एका सामान्य माणसाने त्याला कोर्टात खेचता येईल काय? चार विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने सांगितले, येईल.

जॉन जे यांचे निकालपत्र आजही अभ्यासण्यासारखे आहे. युरोपात सार्वभौमत्व राजाकडे असते. अमेरिकेत क्रांतीनंतर ते लोकांकडे आले, लोक हेच सार्वभौम आहेत, असे त्यांनी मांडले. हे असे सार्वभौम आहेत की त्यांच्या हाताखाली प्रजा नाही, ते स्वतःवरच राज्य करतात, नागरिक म्हणून सगळे समान आहेत. लोकशाहीचे इतके स्पष्ट विवेचन तोवर कोणत्याही मोठ्या न्यायालयाने क्वचितच केले असेल.

पण याच वाक्यात मधे एक कंस आहे. प्रजा नसलेले सार्वभौम, असे म्हटल्यावर कंसात लिहिले आहे की, आपल्यातील आफ्रिकन गुलामांना प्रजा म्हणायचे असेल तर ती गोष्ट वेगळी.

लाखो माणसे एका कंसात गेली! आम्ही हा कंस पुन्हा पुन्हा वाचला. जॉन जे यांना गुलाम दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, म्हणूनच कंस घालावा लागला. दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशाने त्यांचा उल्लेखही केला नसता. जॉन जे यांच्या सद्सद्विवेकाने त्यांना गप्प बसू दिले नाही, आणि त्यांच्या हितसंबंधांनी त्यांना कंसाबाहेर येऊ दिले नाही.

तो निकालही टिकला नाही. राज्यांनी ओरड केली आणि १७९५ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन तो रद्द झाला. ज्या देशाचे मालक जे, त्यांनीच तो चालवावा, हे जॉन जे यांचे आवडते मत होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कंसातले लोक कशाचेच मालक नव्हते. उलट त्यांचीच मालकी दुसऱ्यांकडे होती.

एक जमेची बाजू

हिशोब तपासायचा म्हणजे जमाही लिहायला हवी. पॅरिसच्या तहातील सातव्या कलमानुसार इंग्रज सैन्याने जाताना अमेरिकनांचे निग्रो किंवा इतर मालमत्ता नेऊ नये, असे ठरले होते. पण इंग्रजांनी युद्धात स्वातंत्र्याचे आश्वासन देऊन अनेक गुलामांना आपल्या बाजूला घेतले होते. त्यांना मालकांच्या हवाली करायला इंग्रज सेनापतीने नकार दिला आणि सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष न्यूयॉर्कमधून इंग्रज जहाजांतून निघून गेले.

परराष्ट्र सचिव असताना जॉन जे यांनी १७८६ च्या अहवालात लिहिले की, ज्यांना स्वातंत्र्याचा शब्द दिला त्यांना पुन्हा दास्यात ढकलणे हे मोठे पाप ठरले असते. इंग्लंडने फार तर मालकांना पैसे द्यावेत. १७९४ मध्ये त्यांनी इंग्लंडशी नवा करार केला, तेव्हा ही भरपाईसुद्धा मागे पडली. दक्षिणेतले मळेवाले खवळले. त्यांच्यासाठी ही मालमत्तेची लूट होती. या आणि इतर कारणांनी देशभर या करारावर टीका झाली, जॉन जे यांचे पुतळे जाळले गेले. स्वतःच सही केलेल्या तहाच्या विरोधात आणि आपल्याच वर्गाच्या रागाची पर्वा न करता त्यांनी ही भूमिका घेतली, हे नोंदवलेच पाहिजे.

१७९९ चा कायदा : किंमत कोणी मोजली?

इंग्लंडहून परतले तेव्हा ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर निवडून आले होते. त्यांनी सरन्यायाधीशपद सोडले. न्यूयॉर्कमध्ये १७९० साली २१ हजारांहून अधिक गुलाम होते. उत्तरेकडच्या कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या मोठी होती. गुलाममुक्तीचे विधेयक १७८५ मध्ये एकदा पडले होते. अखेर २९ मार्च १७९९ रोजी गव्हर्नर जॉन जे यांनी क्रमशः मुक्तीच्या कायद्यावर सही केली.

त्या कायद्यातल्या तरतुदी अशा :

१) ४ जुलै १७९९ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतः स्वतंत्र मानले जाईल.

२) परंतु त्या मुलाने आईच्या मालकाकडे राबावे. मुलगा असेल तर वयाच्या २८ वर्षांपर्यंत, मुलगी असेल तर २५ वर्षांपर्यंत.

३) त्या तारखेआधी जन्मलेले सगळे गुलाम, गुलामच राहतील.

४) मालकाला मूल नको असेल तर वर्षाचे झाल्यावर त्याने ते गरिबांच्या व्यवस्थापकांकडे सोपवावे. ते मूल कोणाकडे तरी कामाला बांधले जाईल आणि सांभाळणाऱ्याला सरकार महिन्याला साडेतीन डॉलरपर्यंत पैसे देईल. पुष्कळदा सांभाळणारा म्हणजे तोच जुना मालक! ही पडद्याआडची भरपाई इतकी महाग पडली की १८०४ मध्ये ती बंद करावी लागली.

आता साधे गणित करू. ५ जुलै १७९९ रोजी जन्मलेला मुलगा कायद्याने स्वतंत्र जन्मला. तो प्रत्यक्षात मोकळा कधी होणार? ५ जुलै १८२७ रोजी. दरम्यान १८१७ मध्ये नवा कायदा झाला आणि जुन्या गुलामांना ४ जुलै १८२७ रोजी मुक्त करायचे ठरले. म्हणजे गुलाम म्हणून जन्मलेली आई ४ जुलैला मोकळी झाली आणि 'स्वतंत्र' जन्मलेला तिचा मुलगा त्यानंतर एक दिवसाने! त्याचा धाकटा भाऊ १८१० मध्ये जन्मला असेल, तर तो १८३८ पर्यंत राबत राहिला.

शरीरात ताकद असण्याची, शिकण्याची, संसार उभा करण्याची वर्षे मालकाला दिली गेली. बेनवाच्या कागदात जे तीन वर्षांसाठी होते, ते आता संपूर्ण राज्याचा कायदा म्हणून २८ वर्षांसाठी झाले. यालाच आम्ही हप्त्यांवरचे स्वातंत्र्य म्हणतो. नेहमीच्या व्यवहारात वस्तू आधी घरी येते आणि हप्ते मागून भरतात. इथे हप्ते आधी भरायचे होते, तेही आपलीच वस्तू परत मिळवण्यासाठी.

"त्या काळाच्या चौकटीत पाहा"

येथे आक्षेप घेतला जाईल. आजच्या मूल्यांनी अठराव्या शतकातल्या माणसाला मोजू नका, तो काळच तसा होता. आपल्याकडे शास्त्रांची आणि शास्त्रकारांची बाजू घेतानाही हाच युक्तिवाद केला जातो. म्हणून तो नीट तपासायला हवा.

त्याच काळात, १७७७ मध्ये, व्हरमाँटच्या घटनेने प्रौढांची गुलामगिरी नाकारली. १७८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने, राज्याची घटना सर्वांना जन्मतः स्वतंत्र आणि समान मानते, मग मी गुलाम कशी, असा दावा केला आणि तो जिंकला. १७८३ मध्ये तिथेच क्वॉक वॉकर प्रकरणात मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्युरीला सांगितले की, गुलामगिरी आणि आपली घटना एकत्र नांदू शकत नाहीत. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही. हे कुशिंग पुढे सर्वोच्च न्यायालयात जॉन जे यांच्या शेजारीच बसत होते!

म्हणजे काळ एकच होता. न्यूयॉर्कमध्ये गुलाम जास्त, मालकांचे बळ जास्त, विधिमंडळात विरोध तीव्र, हे खरे. तेवढी सवलत आम्ही कायद्याच्या बाबतीत देऊ. पण बेनवाला विकत घ्यायला कोणत्या विधिमंडळाने भाग पाडले होते?

आणि "तो काळ" म्हणजे फक्त मालकांचा काळ काय? अ‍ॅबिगेलही त्याच काळात जगत होती. एलिझाबेथ फ्रीमनही त्याच काळातली. गुलामगिरी वाईट आहे, आत्ता, आजच, हे त्यांना कळत होते. त्या काळाची चौकट आखताना त्यांना चौकटीबाहेर ठेवायचे आणि मग म्हणायचे की तेव्हा सगळे असेच विचार करत होते, ही इतिहासलेखनातली लबाडी आहे.

कोलंबियाचे दार

१८०० च्या अखेरीस अध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी त्यांना पुन्हा सरन्यायाधीश नेमले, सेनेटने मान्यताही दिली. पण या न्यायालयाला पुरेसे वजन आणि प्रतिष्ठा नाही, असे सांगून जॉन जे यांनी नकार दिला. ती जागा जॉन मार्शल यांना मिळाली आणि पुढचा इतिहास घडला. जॉन जे बेडफर्ड येथील शेतावर निवृत्त झाले. १८१९ मध्ये मिसुरीचा वाद पेटला, तेव्हा नव्या राज्यांत गुलामगिरी पसरू देऊ नये, असे त्यांनी जाहीरपणे कळवले. १७ मे १८२९ रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील मुक्तीदिन त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

त्यांची मुले त्यांच्यापुढे गेली. १८२१ मध्ये न्यूयॉर्कच्या घटना परिषदेत गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट सैल करताना कृष्णवर्णीय मतदारांवर मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची अट लादली गेली. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याला थोरला मुलगा पीटर यांनी त्या परिषदेत विरोध केला. धाकटे विल्यम हे गुलामगिरीविरोधी चळवळीतले प्रखर लेखक झाले आणि त्या भूमिकेपायी १८४३ मध्ये त्यांनी न्यायाधीशपद गमावले. बापाने विचार दिला, मुलाने त्याची किंमत मोजली. फुल्यांचा 'निःस्वार्थ' हा शब्द बापापेक्षा या मुलाला अधिक शोभतो.

आणि आफ्रिकन फ्री स्कूलचे काय झाले? त्या शाळेत जेम्स मॅक्यून स्मिथ हा गुलाम आईचा मुलगा शिकला. १८१३ मध्ये जन्मलेला हा मुलगा न्यूयॉर्कच्या मुक्तीच्या कायद्याने मोकळा झाला. अत्यंत हुशार होता. डॉक्टर व्हायचे म्हणून त्याने कोलंबिया कॉलेजात अर्ज केला. रंगामुळे प्रवेश नाकारला गेला. त्याने समुद्र ओलांडला, स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातून १८३७ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि तो वैद्यकीय पदवी मिळवणारा पहिला आफ्रिकन-अमेरिकन ठरला. जॉन जे यांच्या संस्थेच्या शाळेने त्याला शिकवले आणि जॉन जे यांच्याच कॉलेजने त्याला दार बंद केले. मुक्ती हप्त्यांनी दिली की अशी अर्धी दारे तयार होतात.

त्याच कोलंबियात १९१३ मध्ये मुंबई इलाख्यातून एक विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या शाळेत त्याला वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागले होते. बाबासाहेबांनी पुढे गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची सविस्तर तुलना केली. उघड गुलामगिरीत माणसाला निदान आपण गुलाम आहोत हे कळते, अस्पृश्यतेत ते कळूच दिले जात नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि त्यांच्यावर राष्ट्राचे संविधान घडवण्याची जबाबदारी आली, तेव्हा कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्यात तारीख पुढची नाही. अमुक सालानंतर जन्मलेल्यांसाठी, अशी अट नाही. नीट वागल्यास, अशी पुस्ती नाही. स्पर्श करणाऱ्याला भरपाई नाही. आणि कंसही नाही! अमेरिकेच्या घटनाकारांना जे जमले नाही, ते येथे एका वाक्यात झाले, कारण येथे मसुदा समितीच्या अध्यक्षपदी अ‍ॅबिगेलच्या बाजूचा माणूस होता.

कायदा एका वाक्यात झाला म्हणून समाज एका दिवसात बदलला, असा भ्रम बाबासाहेबांना नव्हता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा अंतर्विरोध आपण किती दिवस चालू ठेवणार, हा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतच दिला.

आम्ही सामाजिक काम करताना आजही चांगल्या माणसांना भेटतो. त्यांच्या मनात द्वेष नसतो. स्मशानभूमीच्या रस्त्याचा अर्ज घेऊन गेलो, पाण्याच्या टाकीचा विषय काढला, की ते प्रेमाने चहा पाजतात आणि म्हणतात, "होईल हो, हळूहळू होईल. लोकांची मानसिकता बदलायला वेळ लागतो." आम्ही त्यांचे ऐकून घेतो. यापुढे एवढेच विचारू की, हा जो वेळ लागणार आहे, तो कोणाच्या आयुष्यातून कापला जाणार? तुमच्या की आमच्या?

त्या मुलीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : जोतीरावांनी ज्यांचे कौतुक केले त्या लोकांत जॉन जे यांच्यासारखेही होते. त्यांनी काढलेली शाळा खरी, त्यांनी सही केलेला कायदा खरा. त्याबद्दल कृतज्ञता जरूर असावी. पण ती यादी त्यांच्या नावाने सुरू करू नये. पॅरिसच्या थंडीत, परक्या शहरात, भाषेचा आधार नसताना जी एकटी दार उघडून बाहेर पडली, त्या अ‍ॅबिगेलचे नाव आधी लिहावे.

जय भीम!